ऑइल गेजवर लेव्हल वाढत असेल तर फिल्टरचं नंतर बघा

दादा, तुम्ही विचारलंत, बी-२० वर (वीस टक्के बायोडिझेल मिसळलेलं डिझेल) ट्रॉलर, आधी फिल्टर चोक आणि आता गेजवर इंजिन ऑइल वाढतंय, आणि वरच्या उत्तरांत सगळे सांगतायत बायोडिझेलने लायनर (सिलिंडरची आतली भिंत) घासतो... सेम आमची केस.

फिल्टरचं सोडा, जुन्या टाकीतला गाळ सुटतोय, थांबेल. लायनरचंही टेन्शन नको. उलट डिझेलमधलं सल्फर १० पीपीएमवर आणताना त्याचं अंगचं वंगणही गेलं, दोन टक्के बायोडिझेल पडलं तरी पंप-नोझलला बरंच. खरा घोळ खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत. बायोडिझेल उकळायला साडेतीनशे डिग्रीच्या आसपास लागतात, म्हणजे पिस्टनच्या रिंगांवरून जे न जळलेलं इंधन खाली ऑइलमध्ये उतरतं त्यातलं साधं डिझेल गरम ऑइलमधून बरंचसं उडून जातं आणि हे तिथंच राहतं, आधी ऑइल पातळ, मग त्याचाच चिकट गाळ, मग बेअरिंगं. नांगर टाकून तासन्‌तास आयडलला ठेवत असाल तर अजून जास्त.

आमची वाट इंधनापेक्षा एका सर्व्हिस ऑफिसने लावली, नाव घेत नाही. ऑइलचं सॅम्पल दिलं तर फक्त फ्लॅश पॉइंट (किती डिग्रीला वाफ पेट घेते तो आकडा) काढला आणि ‘नॉर्मल आहे, डिझेल नाही, तुमचा ड्रायव्हरच ऑइल जास्त ओततो’! अहो, साधं डिझेल थोडं जरी मिसळलं तरी तो आकडा धाडकन पडतो, पण बायोडिझेलचा स्वतःचाच फ्लॅश पॉइंट शंभराच्या वर, त्याने आकडा फारसा हलतच नाही. व्हिस्कॉसिटी (ऑइल किती घट्ट-पातळ ते) करा म्हटलं तर ‘आमच्या फॉर्मॅटमध्ये नाही’. त्याच सीझनला मेन बेअरिंग गेलं, क्रँक ग्राइंडिंगला, आणि वॉरंटीवाल्यांनी तोच रिपोर्ट आमच्या तोंडावर मारला. अजून डोकं फिरतं.

तर व्हिस्कॉसिटी मागाच, जमलं तर एफटीआयआर पण (ऑइलमध्ये काय मिसळलंय ते इन्फ्रारेडने बघायची टेस्ट), आणि लेखी. रिपोर्ट येईपर्यंत ऑइल नेहमी जितक्या तासांनी बदलता त्याच्या निम्म्या तासांवरच बदला, माझ्या मते ते क्रँकपेक्षा स्वस्त पडतं. मी इंजिनिअर नाही हां, तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये बी-२० चालतं का ते आधी बघा.

अजून एक, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत बोट वर असते तेव्हा टाकीत बायोडिझेलवालं इंधन ठेवू नका, पाणी धरतं आणि शेवाळासारखा गाळ होतो. शेवटची फेरी साध्या डिझेलवर मारा. बायोडिझेलने जुने नायट्राइल (रबराचे) होज फुगतात, तेही तेव्हाच बदलून घ्या. आणि बंदरावर टँकरमधून ‘बायोडिझेल’ म्हणून स्वस्तात विकतात ना, त्यांच्याकडे आयएस १५६०७ चा (बायोडिझेलचं भारतीय मानक) टेस्ट रिपोर्ट मागा, बघा किती जण देतात.