बॅचची भेट : रिसॉर्ट की राणीची बाग?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. आमची बी.एस्सी.ची बॅच १९८४ सालची, मुंबईतलीच. दिवाळी आटोपली की आम्ही बावीस जण भेटणार आहोत आणि ठिकाण ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. निम्मे जण कर्जतचा रिसॉर्ट म्हणतात. तिथे पोहायचा तलाव आहे, रात्री गाणी असतात. मला मात्र राणीच्या बागेत जावंसं वाटतं, कारण वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलसाठी आम्ही तिथे दोन-तीनदा गेलो होतो. पण ‘शरद म्हणजे पानगळ, तेव्हा बागेत बघायचं काय?’ असं एकाने ग्रुपवर विचारलं आणि मी निरुत्तर झाले. शिवाय आमच्या एका मैत्रिणीला दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. ती म्हणते, ‘तुम्ही जा. मी आले तर सगळ्यांना माझ्याकडेच बघत बसावं लागेल.’ तिच्या दृष्टीने रिसॉर्टच बरा का? बुधवार सगळ्यांना सोयीचा आहे. काय करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सगळ्यात आधी बुधवार बदला. बुधवारी राणीची बाग बंद असते. बावीस जण नटूनथटून भायखळ्याला उतरायचे आणि फाटकाला कुलूप, असं व्हायला नको. शनिवार-रविवारही टाळा. पेंग्विन आल्यापासून सुट्टीच्या दिवशी पोराबाळांची इतकी गर्दी असते की झाडाखाली उभं राहून दोन शब्द बोलता येत नाहीत. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की मधला एखादा मंगळवार किंवा गुरुवार धरा.

आता पानगळ. तुमच्या मित्राच्या मनात परदेशातल्या लाल-पिवळ्या पानांचे फोटो असणार, त्यात त्याची चूक नाही. पण आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पाऊस नुकताच सरलेला असतो, मातीत ओल असते, पानं धुऊन निघालेली असतात. पानं गळतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. आपल्याकडे कुणाला दीर्घायुष्य चिंतताना ‘शतं जीव शरदः’ म्हणतात. पावसाळा निभावून माणूस शरदाला पोचला की आणखी एक वर्ष मिळालं, असा तो हिशोब. साठी ओलांडलेल्या मित्रमैत्रिणींनी भेटावं तर याच ऋतूत, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणि फुलं म्हणाल तर तुम्ही बागेत पोचण्याआधीच सुरू होतात. सप्तपर्णी मुंबईत रस्तोरस्ती लावलेली आहे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिला हिरवट पांढऱ्या फुलांचे झुपके येतात. वास उग्र, संध्याकाळी तर फारच. कुणाला दमा असेल तर त्याला तिच्यापासून लांबच ठेवा. पण विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला हिच्याइतकं शोभणारं झाड दुसरं नाही. हिच्या शास्त्रीय नावात ‘स्कोलॅरिस’ हा शब्द आहे, कारण हिच्या लाकडाच्या पूर्वी शाळेतल्या पाट्या करत. शांतिनिकेतनला विश्वभारतीत पदवी घेताना विद्यार्थ्यांना हिचीच पानं देण्याची प्रथा होती. एखादी खाली पडलेली डहाळी उचला आणि प्रत्येकाला पानं मोजायला लावा. नाव सप्तपर्णी असलं तरी कुठे पाच निघतात, कुठे सहा, कुठे आठ. आमच्या बॅचमध्ये यावरून खरोखर वाद झाला आणि चाळीस वर्षांपूर्वी जे दोघे प्रॅक्टिकलला भांडायचे, तेच दोघे पुन्हा भांडले.

हो, आम्ही हे केलेलं आहे. आमची बॅच १९७६ ची. २०१८ साली ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौदा जण राणीच्या बागेत गेलो होतो. मी एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे जाताना चाळीस झाडांची यादी करून नेली होती, कुळांसकट. पाऊण तासात तीन झाडं झाली. चौथ्या झाडाखाली एक मैत्रीण आपल्या मुलाच्या घटस्फोटाबद्दल बोलायला लागली, तेव्हा मी यादी घडी घालून पर्समध्ये ठेवली. तुम्ही सहाच झाडं ठरवा. त्याहून एकही जास्त नको.

त्यातली चार मी सुचवते ती अशी. पहिली गोरखचिंच. मूळची आफ्रिकेतली, हत्तीच्या पायासारखं खोड, त्यात ती पाणी साठवते. हिच्या खोडाला प्रत्येकाने हात लावायचाच. दुसरा कैलासपती. त्याची फुलं थेट खोडातून निघालेल्या लोंबत्या फांद्यांवर येतात, जवळजवळ बारा महिने. पडलेलं ताजं फूल तळहातावर घेऊन बघा. मध्ये पिंडी आणि तिच्यावर फणा धरलेला असतो, वासही गोड असतो. पण या झाडाखाली बसू नका आणि खुर्ची तर अजिबात लावू नका. फळं तोफगोळ्याएवढी असतात आणि पडताना सांगून पडत नाहीत.

तिसरं झाड म्हणजे माझा जीव की प्राण. कोल्व्हिलिया. मराठीत त्याला किलबिली म्हणतात. पानं बघून सगळे ‘गुलमोहर’ म्हणतील आणि फारसं चुकीचं नाही ते. दोघांचं माहेर एकच, मादागास्कर. पण गुलमोहर फुलतो उन्हाळ्यात आणि किलबिली पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात. मखमली केशरी कळ्यांचे घोस द्राक्षांसारखे खाली लोंबतात. आम्ही गेलो तेव्हा बहर सरत आला होता. वर तीन-चार घोस राहिले होते, बाकी सगळं खाली सांडलेलं. एक शिंजीर उलटा लटकून एकेका फुलात चोच घालत होता. तो उडून जाईपर्यंत चौदा माणसं, त्यात दोन सेवानिवृत्त बँक मॅनेजर आणि एक सर्जन, एक अक्षर बोलली नाहीत. दिवाळीनंतर जाल तेव्हा तुम्हाला कदाचित शेंगाच दिसतील. जमत असेल तर म्हणूनच दिवाळीआधीचा दिवस धरा, असं सुचवते.

चौथं झाड उर्वशी. तिला या दिवसांत फुलं नसतात, ती जानेवारीनंतर. तरीही तिच्यापाशी जा. नवी पालवी असेल तर ती ओल्या रुमालासारखी मलूल लोंबलेली दिसते आणि झाड आजारी आहे असं वाटतं. ते आजारी नसतं, तिची कोवळी पानं तशीच असतात. उरलेली दोन झाडं तुमच्या बॅचने निवडावीत.

झाडांत ज्यांना रस नाही अशांसाठी काळा घोडा आहे. आमचं कॉलेज फोर्टातलं. ‘काळा घोड्याला भेटू’ असं आम्ही रोज म्हणायचो, पण घोडा आम्ही कुणीच पाहिलेला नव्हता, कारण १९६५ सालीच तो तिथून हलवून राणीच्या बागेत आणला गेला होता. सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा पुतळा आहे तो. आमचा एक मित्र त्या चौथऱ्याशी उभा राहून म्हणाला, ‘चार वर्षं जिथे भेटायचं म्हणून ठरवत होतो, तिथे आज भेटलो.’ बागेला लागूनच असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात दगडी हत्ती आहे. घारापुरीला ‘एलिफंटा’ हे नाव ज्याच्यामुळे पडलं, तोच हा हत्ती. बाग स्वतः १८६२ ची, लेडी फ्रियर यांच्या हस्ते १९ नोव्हेंबरला खुली झालेली. दीडशे वर्षांहून जुनी, पन्नासेक एकरांची ही जागा या शहरात उरली आहे, हे आपलं केवढं भाग्य.

आता तुमच्या मैत्रिणीबद्दल. तुमच्या पत्रातला खरा प्रश्न हाच आहे.

आमच्यातही एक होती, जळगावची. झटक्यानंतर तिचा उजवा हात आणि पाय कमजोर झाला होता, बोलणं मात्र स्वच्छ होतं. तिनेही अगदी हेच वाक्य म्हटलं होतं. ‘आम्ही सांभाळू गं तुला’ असं तीन जणींनी फोन करून सांगितलं आणि ती आणखीच नाही म्हणाली. मग मी तिला काम सांगितलं. तिला आमच्या वर्गाचे रोल नंबर पाठ होते, कॉलेजमध्येही प्रॉक्सी लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी म्हटलं, ‘हजेरी तू घ्यायची. दुसऱ्या कुणाला नंबर आठवत नाहीत.’ ती आली. व्हीलचेअरवर बसून, कागद न बघता, तिने नंबर पुकारले. काही नंबरांना उत्तर आलं नाही. कोण परदेशात, कोण आलेलंच नाही, ते आम्हाला माहीत होतं. दोन नंबर मात्र गेलेल्या माणसांचे होते. त्या दोन्ही ठिकाणी ती थांबली आणि मग पुढचा नंबर घेतला. हे होणार याची मी आधी कल्पना केली नव्हती. तुम्ही हजेरी घेणार असाल तर त्या नंबरांचं काय करायचं, ते तिच्याशी आधी बोलून ठेवा.

दुसरं एक सांगते. आमच्या सोसायटीच्या आवारात बुचाचं झाड आहे. ऑक्टोबरपासून सकाळी खाली पांढरा सडा असतो. बागेत फुलं तोडता येत नाहीत, म्हणून मी पहाटे ती वेचून स्टीलच्या डब्यात, ओल्या फडक्यावर घालून नेली होती. बुचाच्या वेणीला दोरा लागत नाही हे तुम्हाला ठाऊक असेलच. लांब देठासारख्या नळ्या एकमेकींत पेडासारख्या गुंफत जायचं. तिने डबा मांडीवर घेतला. डाव्या हाताने दोन फुलं धरली, तिसरं घालायला उजवा हात उचलेना. प्रॅक्टिकलच्या टेबलावर जी तिची जोडीदारीण असायची, ती शेजारी बाकावर बसली होती. तिने काही न विचारता आपला उजवा हात पुढे केला. एकीचा डावा, एकीचा उजवा. पहिली सात-आठ फुलं सुटली. मग दोघींना लय सापडली आणि वीतभर वेणी झाली, जरा वाकडी. बोलणं चाललं होतं ते भुसावळच्या लग्नातल्या जेवणाबद्दल. बुचाची फुलं संध्याकाळपर्यंत तपकिरी होतात, त्यामुळे जळगावला पोचेपर्यंत त्या वेणीत काही राहिलं नसणार. डबा मात्र तिने मला परत दिलेला नाही आणि मीही मागितलेला नाही.

म्हणून म्हणते, रिसॉर्ट नको. तिथे मोठ्याने गाणी लागली की साठीतल्या कानांना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही आणि जे पोहत नाहीत, नाचत नाहीत, ते एका कडेला खुर्च्यांवर बसून राहतात. तुमची मैत्रीण त्या कडेलाच जाईल. बागेत सगळेच हळू चालतात. दर पन्नास पावलांवर थांबायला कारण असतं, तेव्हा कुणासाठी थांबलो असं होत नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. बाग साडेनऊला उघडते, तेव्हाच आत शिरा आणि बाराच्या आत बाहेर पडा. ऑक्टोबर हीट साठीच्या माणसांना सोसत नाही. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की बाग चालत पाचेक मिनिटांवर आहे, पण तुमच्या मैत्रिणीला घरापासून गाडीनेच आणा. व्हीलचेअर भाड्याने घेऊन आदल्या दिवशी घरी आणून ठेवा, ब्रेक तपासा. ढकलणाऱ्यांची पाळी लावा, एकच जण दमायला नको. पाणी, टोपी, डास चावू नयेत म्हणून मलम. स्वच्छतागृह कुठे आहे ते आत शिरल्या शिरल्या बघून घ्या. नंतर इराण्याकडे चहा आणि ब्रून मस्का.

आणि कर्जतवाल्यांवर रागावू नका. भायखळा आणि कर्जत एकाच मार्गावर आहेत. ज्यांना रात्रीची गाणी हवीत त्यांनी दुपारी लोकल पकडून खुशाल जावं.

प्रश्न : आमच्या बॅचला कॉलेजच्या आवारात आठवण म्हणून बुचाचं झाड लावायचं आहे. मेळावा डिसेंबरात आहे, तेव्हा लावलं तर चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बूच नको आणि डिसेंबरही नको. बुचाचं लाकूड ठिसूळ आणि मुळं फार खोल न जाणारी. वादळी पावसात मोठी फांदी मोडते, कधी अख्खं झाड आडवं होतं. मुलामुलींच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ते लावू नये. त्याऐवजी बकुळ लावा. सावकाश वाढते, पण सावली दाट देते आणि फूल वाळलं तरी वास जात नाही. डिसेंबरात सगळ्यांनी मिळून जागा ठरवा आणि मे महिन्यात दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन उन्हात तापू द्या. पहिला दमदार पाऊस झाला की जूनमध्ये, नाशकात राहणाऱ्या दोघा-तिघांनी जाऊन रोप लावावं. पुढचे तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, हे कॉलेजच्या माळ्याशी बोलून पक्कं करा आणि त्या कामाचे पैसे बॅचच्या वर्गणीतून बाजूला काढून ठेवा. नावाची पाटी झाडाला ठोकू नका, खाली जमिनीत रोवा.