"मोठी झाली की ठरवेल" हे आमच्याकडे चाललं नाही

अगं सेम केस आहे आमची, मी हिंदू, नवरा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, ठाण्यातच राहतो, मुलगा आता १९ चा आणि मुलगी १४ ची. तू विचारलंयस की लेकीला दोन्ही धर्म दाखवू, मोठी झाली की तिचं ती ठरवेल, असं चालेल का. आम्हीही हेच ठरवलेलं. झालं काय, तर माझ्या बाजूचं आपोआप होत गेलं, गणपती सोसायटीत, दिवाळी शाळेत, तिळगूळ शेजारच्यांकडून, आणि नवऱ्याच्या बाजूचं काहीच होईना, कारण ते घरात कुणी केल्याशिवाय होत नाही. योम किप्पूरचा उपास काय रस्त्यावर दिसतो का? म्हणून ज्यू म्हणून वाढवायचं असेल तर आत्ताच ठरवा, आणि राबणार बहुतेक तूच हेही धरून चाल (आमच्या ह्यांना शुक्रवारच्या मेणबत्त्या कुठल्या ड्रॉवरमध्ये असतात ते अजून माहीत नाही).

शुक्रवारची संध्याकाळ तेवढी सोडू नकोस. मेणबत्त्या, किद्दुशला (जेवणाआधीच्या आशीर्वादाला) मनुकांचं सरबत, मग जेवण. मटणाला नारळाचं दूध का, तर मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही म्हणून, हे वाढता वाढता सांगितलं की पोरांच्या डोक्यात बसतं, क्लासमध्ये नाही बसत. आणि मलिदा! पोहे, ओलं खोबरं, गोड, वर फळं, एलियाहू हानाबी या प्रेषिताचं नाव. तुझ्या आईला बोलव, ताट बघून तिला सत्यनारायणच आठवेल, माझ्या आईचा अर्धा विरोध तिथेच संपला.

आता जे मी चुकले ते. हलाखाप्रमाणे, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे, आई ज्यू तर मूल ज्यू, म्हणजे आपली मुलं त्यात बसत नाहीत. मी हे मुलाला सांगितलंच नाही. १५ चा असताना एका लग्नात कुणीतरी सहज बोलून गेलं की तुझी आई आपल्यातली नाही ना, मग तू कसला ज्यू. शेमाची प्रार्थना पाठ असलेला पोरगा, दोन महिने शुक्रवारी जेवायला बसला नाही. बाहेरच्याने सांगायच्या आधी तू सांग. अमेरिकेतल्या रिफॉर्मवाल्यांनी (ज्यूंमधला सुधारणावादी पंथ) १९८३ पासून वडिलांकडूनही धरलंय, पण मुलाला ज्यू म्हणून वाढवलेलं हवं. ज्यूंना इस्रायलमध्ये जाऊन राहायचा हक्क देणाऱ्या परतीच्या कायद्यात १९७० च्या दुरुस्तीनंतर ज्यूची मुलं-नातवंडंही येतात, पण तिथे लग्न रब्बिनेटच्या, म्हणजे सरकारमान्य धर्मगुरूंच्या मंडळाच्या हातात, ते हलाखाच बघणार. लहानपणीच धर्मांतर करून घेता येतं, बेथ दिन (धर्मगुरूंचं न्यायमंडळ) आणि मिकवा (विधीचं स्नान) लागतो, मुलीला १२ व्या वर्षी ते नाकारायचा हक्क असतो. आम्ही नाही केलं, आता वाटतं निदान चौकशी तरी करायला हवी होती.

आणि हे काही आजचं नाही गं, कोकणात गोरे इस्राएल काळे इस्राएल असा भेद होताच, काळे म्हणजे बायको बाहेरची त्या घरातले. गंमत म्हणजे १९६० च्या दशकात इस्रायलमध्ये रब्बिनेटने अख्ख्या बेने इस्रायललाच लग्नाच्या वेळी आईकडच्या पिढ्या विचारायला सुरुवात केलेली, आंदोलनं झाली तेव्हा कुठे १९६४ ला माघार घेतली. मुलाला हे त्याच्या आजोबांनी सांगितलं, मग जरा निवळला.

बाकी लगेच करायचं काम एकच, सासूबाईंकडून मलिद्याचं आणि गव्हाच्या चिकाच्या हलव्याचं प्रमाण लिहून घे. माझ्या सासूबाई सगळं अंदाजाने टाकायच्या, आणि आता विचारायला त्या नाहीत.