पुराच्या रात्रीचा देव

“ताई, पुरात देव होता. आता कुठं गेलाय?”

समुपदेशनासाठी माझ्याकडं आलेले एक गृहस्थ दाराशी चपला काढता काढता एवढं बोलले आणि खुर्चीत बसून गप्प राहिले. वय ४४. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी. शब्बाथ शाळेपासून चर्चमध्ये वाढलेले, रविवारची उपासना सहसा न चुकवणारे. त्यांच्या परवानगीनं, ओळख पटेल असं सगळं बदलून हे लिहिते आहे. इथं त्यांना भाऊ म्हणते.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. भाऊंचं घर सखल भागात. बायको-मुलं आधीच नातेवाइकांकडं गेली होती. मागं राहिलेले भाऊ, त्यांची आई आणि शेजारच्या एकट्या राहणाऱ्या काकू, असे तिघं गच्चीवर अडकले. दुसऱ्या रात्री अंधारात खालून पाण्याचा आवाज येत असताना भाऊंची भीती अचानक उतरली. “माझ्या शेजारी कुणीतरी बसलंय, इतकं खरं होतं ते, ताई. प्रभू होता. मला शंकाच नव्हती.” सकाळी बोट आली.

पूर ओसरल्यावर त्यांनी चर्चमध्ये साक्ष दिली, म्हणजे देवाचा आपल्याला आलेला अनुभव सगळ्यांसमोर सांगितला. लोक रडले. मग घरसभांना बोलावणी येऊ लागली, आणि प्रत्येक ठिकाणी तीच साक्ष. पुढं पुढं सांगताना घसा कोरडा पडू लागला. “आता उभा राहिलो की खोटं बोलतोय असं वाटतं. प्रार्थना करतो, पण विहिरीत हाक मारल्यासारखी. माझाच आवाज परत येतो.”

हे गाऱ्हाणं घेऊन माझ्याकडं बरेच जण येतात. कुणाला कधीच काही जाणवलेलं नसतं, कुणाला पूर्वी जाणवायचं. उपासनेत शेजारची बाई डोळे पुसत असते आणि आपण कोरडे, म्हणजे आपल्या विश्वासातच खोट आहे, अशी समजूत खोल बसलेली असते. विश्वास नव्यानं जागवणाऱ्या संजीवन सभांना माझा विरोध नाही. तिथं माणसं खरोखर बदललेली मी पाहिली आहेत. पण डोळ्यांतल्या पाण्यावर कुणाचा विश्वास मोजू नये असं मला कळकळीनं वाटतं. मुळात शांत स्वभावाची माणसं त्यात नाहक भरडली जातात.

भाऊंच्या बाबतीत पहिली चूक माझी झाली. मी त्यांना नेम लावून दिला. पहाटे पाचला उठा, एक अध्याय वाचा, अर्धा तास प्रार्थना करा, शुक्रवारी उपवास धरा. तीन आठवड्यांनी ते आले तेव्हा चेहरा ओढलेला होता. “२१ दिवस केलं. एक खाडा नाही. काही झालं नाही. म्हणजे दोष माझ्यातच आहे.” हिशेबाच्या माणसाला मी आणखी एक हिशेब दिला होता: इतकं भरा, मग देव जाणवेल. नेमाला मोल आहेच, मी स्वतः पाळते. पण जाणीव ही त्या नेमाची मजुरी नव्हे, हे मी आधी बोलायला हवं होतं. त्याआधी नीट विचारायला हवं होतं. तेव्हा मी त्यांची माफी मागितली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आधी साध्या गोष्टी विचारल्या. झोप लागते का, जेवण जातं का, पूर्वी आवडायचं ते आता आवडतं का, जगणं नकोसं वाटतं का. हे विचारल्याशिवाय आत्मिक कोरडेपणावर मी बोलत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते. १४४१६ या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावरही बोलता येतं. त्यात विश्वास कमी पडल्याचा प्रश्न येत नाही. बायबलमधला एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून ‘आता मला मरण दे’ म्हणाला, तेव्हा दूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला घातलं. होरेब डोंगरावर त्याला ऐकू आलेली देवाची मंद वाणी त्यानंतरची, चाळीस दिवस चालून गेल्यावरची.

भाऊंची झोप बरी होती, आणि मुलीच्या दहावीच्या अभ्यासाबद्दल बोलताना चेहरा खुलायचा. मग मी म्हटलं, “ती रात्र मला पुन्हा सांगा. साक्षीत सांगता तशी नको. किती वाजता कोण कुठं होतं, तसं सांगा.”

साक्षीत क्रम ठरलेला होता: मी गुडघे टेकले, प्रार्थना केली, प्रभू आला. आता तासातासानं सांगताना वेगळंच निघालं. संध्याकाळी त्यांनी मोठ्यानं प्रार्थना केली होती, खरं. पण तेव्हा भीती तशीच होती. मध्यरात्रीनंतर काकूंना थंडी वाजून आली. ओलं लुगडं, दात वाजताहेत, तोंडानं ‘विठ्ठल विठ्ठल’ चाललेलं. भाऊंनी आईची शाल त्यांना गुंडाळली, पिशवीतली शेवटची बिस्किटं दोघींना वाटून दिली आणि काकूंचे तळपाय आपल्या हातांनी चोळत बसले. पहाटेपर्यंत.

“मग प्रार्थना कधी केलीत?”

ते थांबले. “केलीच नाही, ताई. विसरलो होतो. पाय चोळत होतो.” थोड्या वेळानं, “तेव्हाच होता तो.”

बराच वेळ आम्ही दोघंही बोललो नाही. इतकी वर्षं त्यांनी त्या रात्रीची आठवण प्रार्थनेपाशी शोधली होती, आणि ती होती एका म्हातारीच्या गार पायांपाशी.

बायबलमधले अम्माऊस गावाच्या वाटेवरचे दोन शिष्य मला फार जवळचे वाटतात. पुनरुत्थित येशू त्यांच्याबरोबर चालत होता आणि त्यांना ते कळलं नाही. भाकर मोडली तेव्हा डोळे उघडले, आणि त्याच क्षणी तो दिसेनासा झाला. मग ते एकमेकांना म्हणाले, वाटेत तो बोलत होता तेव्हा आपलं अंतःकरण पेटलं नव्हतं का? म्हणजे सहवास होता दिवसभर, ओळख पटली संध्याकाळी, मागं वळून बघताना. म्हणून मी भाऊंना पहाटेऐवजी रात्रीची दहा मिनिटं मागितली. झोपण्यापूर्वी दिवस उलगडायचा. कुठं मन हलकं झालं, कुठं टोचलं, कुठं कुणासाठी थांबलो, कुठं तोंड फिरवलं. एवढं प्रभूसमोर बघायचं आणि दोन ओळी लिहायच्या. ही रीत जुनी आहे. सोळाव्या शतकात जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या सोबत्यांना दिवस असाच तपासायला शिकवलं होतं.

पहिल्या आठवड्याची वही बघून मला थोडं वाईट वाटलं. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडं जमा, उजवीकडं नावे. ‘सकाळी प्रार्थना झाली. दुपारी देव नाही.’ मी म्हटलं, “भाऊ, ही रेघ नको. ताळेबंद जुळवायचा नाहीये.” रेघ जायला महिना लागला.

हळूहळू नोंदी बदलल्या. ‘पोतं उतरवताना हमालाचा पाय सरकला, हात दिला. बरं वाटलं.’ ‘आईनं तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली, पूर्ण ऐकली.’ एक दिवशी असं होतं: ‘शेतकऱ्याच्या पट्टीत (विक्रीच्या हिशेबात) कपात जास्त लागली हे दिसलं. बोललो नाही. दिवसभर छातीवर दगड. आज देव नव्हता.’

ती नोंद मी त्यांना मोठ्यानं वाचायला लावली. “छातीवर दगड कुणी ठेवला असेल?” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. देव जवळ असणं म्हणजे ऊब आणि शांती, असं आपण धरून चालतो. मला तर त्या दगडातच तो दिसत होता. दुसऱ्या दिवशी भाऊंनी मालकांना सांगून पट्टी दुरुस्त करून घेतली. मालक कुरकुरले, पण झालं.

पॅरिसच्या मठात सतराव्या शतकात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते, स्वयंपाकघरात कामाला. देवळातल्या प्रार्थनेइतकाच भांड्यांच्या गडबडीत आपण देवाजवळ असतो, असं ते सांगत. भाऊंना ते पटलं, पण लगेच विचारलं, “त्यांना जाणवत तरी होतं. मला जाणवलंच नाही तर?” प्रश्न रास्त होता. तेव्हा मी मदर तेरेसांबद्दल सांगितलं. त्या १९९७ मध्ये गेल्या आणि २००७ मध्ये त्यांची पत्रं प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आतून अंधारच जाणवत होता. तरी त्या रोज उठून गल्लीत जात राहिल्या. स्तोत्रसंहितेतलं ८८ वं स्तोत्र अंधाराच्या शब्दावरच संपतं, पुढं दिलासा नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. देवाला उद्देशून केलेली तक्रारही प्रार्थनाच असते. हे ऐकून भाऊंच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला.

आपल्या मराठी मंडळीला हे परकं वाटायचं कारण नाही. ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्तापर्यंत आले. विरह, रुसवा, वाट पाहणं, हे सगळं त्यांच्या भक्तीत होतं. १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. काकूंच्या तोंडी विठ्ठलाचं नाव होतं आणि भाऊंना शेजारी ख्रिस्त जाणवला. त्यात त्यांना अवघडल्यासारखं वाटत होतं, म्हणूनच बहुधा साक्षीतून काकू गळाल्या होत्या.

वहीत एक शब्द मात्र सारखा येत होता: थोरला, म्हणजे त्यांचा मोठा भाऊ. ‘थोरला समोरून गेला, बोललो नाही.’ ‘प्रभुभोजनाला थोरला पुढं होता.’ पुरानंतर घराच्या दुरुस्तीच्या खर्चावरून आणि वडिलांच्या गाळ्यावरून दोघा भावांत जे तुटलं, ते तसंच होतं. एकाच चर्चमध्ये, तीन बाकांच्या अंतरावर. योहानाचं पत्र इथं फार स्पष्ट बोलतं: दिसणाऱ्या भावावर प्रीती नाही, तर न दिसणाऱ्या देवावर कशी असेल? मी हे म्हटलं आणि घाईनं सुचवलं, या रविवारी जाऊन भेटा.

भाऊंनी मान हलवली. त्यांचे वडील सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांवर, हमाल होते. “पेव उघडलं की लगेच उतरत नाहीत, ताई. आतल्या हवेनं माणूस मरतो. वडील तोंड उघडून ठेवायचे, मग कंदील सोडून बघायचे. विझला तर अजून थांबायचं.”

मी ऐकलं. समुपदेशकालाही थांबावं लागतं. त्यांनी एवढंच ठरवलं की आईच्या औषधांचं थोरल्याला कळवत जायचं. ‘बीपीची गोळी बदलली.’ ‘मंगळवारी डॉक्टर.’ पहिल्या काही निरोपांना उत्तर नव्हतं. एकदा आलं: ‘बरं.’

घरसभेत त्यांनी साक्ष पुन्हा दिली, या वेळी काकूंच्या पायांसकट. कुणी रडलं नाही. एक म्हातारे गृहस्थ जाताना आपला हात धरून बराच वेळ उभे राहिले, असं भाऊ म्हणाले.

मागच्या वेळी ते आले तेव्हा पाऊस लागला होता. मी विचारलं, “आता जाणवतो का?” “कधी कधी. रोज नाही.” थोडं थांबून म्हणाले, “पाणी वाढलं तर आईला या वेळी तुमच्याकडं न्याल का, असं थोरल्याला विचारलंय.”

“काय म्हणाले?”

“अजून काही नाही.”

आयर्विनला किती फूट झालंय ते त्यांनी मोबाइलवर पाहिलं आणि छत्री उचलली. काकूंची कागदपत्रं वरच्या फळीवर ठेवून द्यायची राहिली होती, ते करून घरी जायचं होतं.