होमस्टेडर म्हणजे घरकोंबडा?

प्रश्न : फ्लोरिडात घर घेतलेल्या मुलीला करसवलतीसाठी 'होमस्टेड'चा अर्ज भरायचा आहे. कोशात 'होमस्टेडर' म्हणजे वस्ती करणारा असे दिले आहे. हा घरकोंबडा की वसाहतवाला? शब्द आला कुठून?

उत्तर : घरकोंबड्याला इंग्रजीत 'होमबॉडी' म्हणतात, तो वेगळा. 'होमस्टेड' हा जुन्या इंग्रजीतल्या 'हामस्टेडे'वरून आला. हाम म्हणजे घर, वस्ती. स्टेडे म्हणजे जागा. 'इन्स्टेड'मधला 'स्टेड' तोच, अमक्याच्या जागी तमका. संस्कृत 'स्था' धातूशी त्याचे नाते सख्खे आहे, म्हणजे आपले स्थान, ठाणे, ठाण मांडणे हे सगळे त्याचे भाऊबंद. घडणीने 'गृहस्थ'ही त्याच साच्यातला. पण भाषांतरात तो घालू नका, भलताच माणूस उभा राहतो.

'होमस्टेडर' रूढ झाला तो अमेरिकेत, लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी सही केलेल्या कायद्यामुळे. कुटुंबप्रमुखाला किंवा एकवीस वर्षे पूर्ण झालेल्याला १६० एकर सरकारी जमीन मिळे, म्हणजे आपल्या हिशेबाने ६,४०० गुंठे. (ही 'सरकारी' जमीन आधी मूळ रहिवासी जमातींची होती, हे कोश सांगत नाहीत.) अट ठाण मांडण्याचीच : घर बांधा, जमीन कसा, पाच वर्षे राहा, मग साक्षीदार आणून ते सिद्ध करा. सलग सहा महिन्यांहून जास्त जागा सोडली की दावा बुडाला. घाई असेल त्याला सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर भरून मालकी घेता येई. सट्टेबाज शिरले ते याच वाटेने.

पश्चिमेकडच्या माळावर झाडे नव्हती. तिथे गवताच्या मुळांनी घट्ट धरलेल्या मातीचे थर नांगराने कापून, विटांसारखे उलटे रचून भिंती उभारत. पावसात छत गळे. पाऊसच तोकडा असलेल्या भागात १६० एकरांवरही पोट भरेना, म्हणून १९०९ मध्ये तशा कोरडवाहू जमिनीसाठी मर्यादा ३२० एकर झाली. १९७६ मध्ये कायदा रद्द झाला. अलास्कात मात्र तो १९८६ पर्यंत चालला.

आज शहर सोडून भाजीपाला, कोंबड्या, साठवणीचे पदार्थ यांवर स्वावलंबी संसार करणाऱ्यालाही 'होमस्टेडर' म्हणतात. मराठीत ढोबळ 'वसाहतवाला' चालवण्यापेक्षा जुन्या अर्थी 'जमीनधारक वसाहतकरी' लिहा, नव्या अर्थी सरळ 'होमस्टेडर'.

मुलीच्या अर्जातला 'होमस्टेड' म्हणजे मालकाचे स्वतःचे कायम राहते घर. फ्लोरिडात १ जानेवारीला मालकी आणि वास्तव्य दोन्ही हवे, आणि अर्ज १ मार्चपर्यंत. घर भाड्याने दिले तर सवलत जाऊ शकते. ठाण इथेही मोडता येत नाही.