वसतिगृहातील फ्लू : वाचकांच्या शंका

पावसाळा ओसरताना आणि पुन्हा ऐन थंडीत, अशी वर्षातून दोनदा त्याच त्या शंकांची पत्रे माझ्याकडे येतात. विद्यापीठाच्या वसतिगृहांत ताप पसरू लागला की विद्यार्थी, पालक आणि रेक्टर असे तिघेही घाबरतात. मात्र प्रत्येकाची घाई भलत्याच ठिकाणी असते, म्हणून यावेळी उत्तरे एकत्र देत आहे.

खोलीतल्या मैत्रिणीला फ्लू झाला आहे. कापूर-वेलचीची पुरचुंडी हुंगल्यास मला होणार नाही, हे खरे का? (विद्यार्थिनी, आर्वी)

नाही. खिडकी उघडी ठेवा आणि खाटा लांब करा.

मुलाला दोन दिवसांपासून ताप आहे. गावातल्या दवाखान्यात सुई मारून सलाईन लावले, तरी उतार नाही. आणखी एक बाटली लावावी का? (पालक, दारव्हा)

मुलगा तोंडाने पाणी, पेज, वरणाचे पाणी घेत असेल तर सलाईनची गरज नाही. फ्लू विषाणूमुळे होतो, त्यावर अँटिबायोटिकची सुई चालत नाही. बाटलीत जीवनसत्त्वाचे इंजेक्शन सोडून ती पिवळी केली की तिचा भाव वाढतो आणि रुग्णालाही काही भारी औषध मिळाल्यासारखे वाटते, एवढेच. यात वाया जातात ते सुरुवातीचे दोन दिवस. मुलाला आजच ग्रामीण रुग्णालयात दाखवा.

मी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, एसएस पॅटर्नचा (आई-वडील दोघांकडून दोष आलेला) रुग्ण आहे व वसतिगृहात राहतो. वेगळी काळजी घ्यावी का? (विद्यार्थी, गडचिरोली जिल्हा)

होय, घ्यावीच लागेल. फ्लूमुळे तुमच्या फुप्फुसांना गंभीर त्रास होऊ शकतो, त्यामुळे तुम्ही जोखमीच्या गटात मोडता. ताप येताच त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि आपला पॅटर्न स्वतःहून सांगा. ऑसेल्टामिव्हिर ही फ्लूच्या विषाणूवरची गोळी लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झाल्यास तिचा सर्वाधिक उपयोग होतो, त्यामुळे जोखमीच्या रुग्णाने तपासणीच्या अहवालासाठी अडून राहू नये. पण गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावी. चालू औषधे मनाने बंद करू नका.

आमच्या वसतिगृहात तीन दिवसांत नऊ मुलींना ताप आला. सगळ्यांना आठ दिवस घरी पाठवून इमारतीत फवारणी करावी, असे व्यवस्थापन म्हणते. योग्य आहे का? (रेक्टर, अमरावती जिल्हा)

कृपया तसे करू नका. फ्लूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात आणि रुग्ण लक्षणांच्या साधारण एक दिवस आधीपासूनच इतरांना लागण देऊ लागतो. म्हणजे आज धडधाकट दिसणाऱ्या काही मुली आजार सोबत घेऊनच एसटीत बसतील आणि ज्या घरी उतरतील तिथे दम्याचे आजोबा, गरोदर वहिनी, नाहीतर सहा महिन्यांचे बाळ असेल, आणि मोठे रुग्णालय मात्र चाळीस किलोमीटरवर असेल. १९१८च्या फ्लूच्या साथीत आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडाची भयंकर हानी झाली. तेव्हाही आजार रेल्वेने, माणसांबरोबरच गावोगाव पोहोचला होता.

आजच तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा. वसतिगृह बंद करायचे की नाही, हे त्यांच्याशी बोलूनच ठरवा. नाव, खोली आणि ताप आल्याची तारीख यांची वही करा. पाहुण्यांची खोली किंवा अभ्यासिका रिकामी करून तापाच्या मुलींना खिडक्या उघड्या असलेल्या त्या जागेत ठेवा, त्यांचे ताट मेसमधून तिथेच पोहोचवा आणि सकाळ-संध्याकाळ ताप व ऑक्सिजन मोजा. धाप, छातीत दुखणे, गुंगी, ओठ निळे पडणे किंवा थुंकीत रक्त यांपैकी काहीही दिसल्यास रात्रीच हलवावे लागते, तेव्हा गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर लिहिलेला असावा. श्वासातून पसरणाऱ्या आजारावर अंगणातल्या फवारणीने काहीही साधत नाही. त्या पैशांत मेसच्या नळाजवळ साबण ठेवता येईल.

हजेरीचे कलमही सैल करा. एका महाविद्यालयात मी पाहिले आहे की आजारपणाच्या प्रमाणपत्रासाठी तापलेली पोरे दीड तास एकमेकांच्या अंगावर खोकत रांगेत उभी होती, आणि ज्यांना रांग नको होती ती पॅरासिटामॉल घेऊन सरळ वर्गात बसली. साथ असेपर्यंत रेक्टरच्या वहीतील नोंद पुरेशी मानावी, असे कुलसचिवांना लेखी कळवा. खरे तर दमा, सिकलसेल, मधुमेह असलेल्या विद्यार्थ्यांची यादी प्रवेशाच्या वेळीच तयार व्हायला हवी. साथ आल्यावर ती शोधत बसणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

साथ सुरू झाल्यावर लस घेऊन उपयोग आहे का? (प्राध्यापक, मूल)

आहे, पण संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि लस दरवर्षी घ्यावी लागते. पूर्वी लसीची ॲलर्जी झाली असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.

ताप उतरला आहे. उद्या प्रात्यक्षिक परीक्षेला जाऊ का? (विद्यार्थी, अचलपूर)

तापाची गोळी न घेता पूर्ण चोवीस तास ताप नसेल, तरच मास्क लावून जा. सकाळच्या गोळीने उतरलेला ताप यात धरू नये. उतरलेला ताप पुन्हा चढला किंवा खोकला वाढला, तर परीक्षा बाजूला ठेवून त्याच दिवशी छाती तपासून घ्या.