वादळ येतंय, पण आई घर सोडायला तयार नाही

प्रश्न : आमचं घर श्रीवर्धनजवळ, समुद्राला लागून, जुनं कौलारू. आई-बाबा दोघंच असतात, मी डोंबिवलीला. निसर्ग वादळाच्या वेळी शेजाऱ्यांनी हात धरून शाळेत नेलं, पण आता आई म्हणते एवढं वादळ घराने सोसलं, मी कुठे जायची नाही. मे महिना लागला की पोटात गोळा येतो. काय करू?

उत्तर : दादा, तुमची काळजी खरी आहे आणि आईचा जीव घरात अडकलाय हेही समजतं. पण ३ जून २०२० ला निसर्ग किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११०-१२० किलोमीटर होता, त्यात कौलं नवी घातली असतील पण वासे तेच हललेले असतील ना? एकदा सुताराला वर चढवून बघून घ्या.

आई-बाबांना एक गोष्ट नक्की समजवा. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, बरोबर डोक्यावर आला की वारा एकदम पडतो, लोकांना वाटतं संपलं, मग कोण पत्रे गोळा करायला निघतं कोण गोठ्यात जातं, आणि तेवढ्यात वारा उलट्या दिशेने सुटतो, आधीच मुळातून हललेले माड-पोफळी तेव्हा आडव्या होतात. रेडिओवर सांगेपर्यंत बाहेर पडायचंच नाही.

दुसरं म्हणजे फोनच्या भरवशावर राहू नका. निसर्गनंतर टॉवर बंद पडले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, तुम्हीही बघितलं असेल. म्हणून कोण न्यायला येणार, कोणाच्या स्लॅबच्या घरात जायचं हे आत्ताच ठरवा. हवामान खातं साधारण ४८ तास आधी सावध करतं, तेव्हाच दिवसाउजेडी निघायचं. आईला "घर सोड" म्हणू नका हो, "दोन रात्री मावशीकडे राहून ये" म्हणा, बघा ऐकेल. गुरं असतील तर त्यांची दावी सोडून ठेवा.

बीपीच्या गोळ्या, चष्मा, सातबारा, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती दाराशीच ठेवायची. आणि पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा घराचे, वाडीतल्या प्रत्येक ओळीचे फोटो काढून आणा, नुकसान झालंच तर पंचनाम्याच्या वेळी आधी किती पोफळी उभ्या होत्या हे दाखवता येतं. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, तो बाबांना भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून द्या.