न दिसणाऱ्याचे ऐकताना

प्रश्न : आमच्या शाळेतील सातवीची एक मुलगी स्नेहसंमेलनात दिवाकरांची एक नाट्यछटा सादर करणार आहे. पाठांतर चोख आहे, उच्चारही स्वच्छ आहेत; तरी ती धडा म्हणून दाखवते आहे असे वाटते. समोरच्या पात्राची वाक्ये तिने आवाज बदलून मध्ये घालावीत का?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : घालू नयेत. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये ५२ व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या केल्या, तेव्हा क्षणात आवाज, बोली आणि देहबोली बदलणे हाच त्या प्रयोगाचा प्राण होता. नाट्यछटेची जात वेगळी आहे. शंकर काशीनाथ गर्गे म्हणजेच दिवाकर यांनी इंग्रजी कवी ब्राउनिंगच्या नाट्यात्म एकभाषितांपासून प्रेरणा घेऊन १९११ पासून हा प्रकार मराठीत रुजवला. त्यात बोलणारी व्यक्ती एकच असते आणि समोरच्याचे बोलणे प्रेक्षकाला तिच्या उत्तरांवरूनच कळते. (आपल्याकडे ही युक्ती जुनीच, भाण या संस्कृत एकपात्री नाट्यप्रकारातला एकटा नट ‘किं ब्रवीषि?’ म्हणजे ‘काय म्हणतोस?’ असे आकाशाकडे पाहून विचारतो आणि न ऐकू आलेले उत्तर स्वतःच सांगून पुढे जातो.)

तेव्हा दोष आवाजात नसून ऐकण्यात असावा. छापील संहितेतील टिंबे ही बहुधा समोरच्याच्या बोलण्याची जागा असते, आणि मुले नेमकी तीच दम घेण्यापुरती वापरतात. त्या प्रत्येक जागी समोरचा काय म्हणाला असेल ते वाक्य मुलीला वहीत लिहायला सांगा. मग तालमीत तुम्ही किंवा एखाद्या मैत्रिणीने ती वाक्ये खरोखर मोठ्याने म्हणावीत. चार-पाच तालमींनंतर मैत्रिणीने नुसते ओठ हलवावेत आणि शेवटी तिथून उठून जावे. ‘हो का?’ हा उद्गार आश्चर्याचा, संशयाचा की टोमण्याचा, हे वहीतले वाक्य ठरवील. तुम्हाला वेगळे शिकवावे लागणार नाही.

नजरेसाठी न दिसणाऱ्या व्यक्तीची उंची आणि जागा पक्की करा. ती व्यक्ती प्रेक्षकांच्या बाजूला, किंचित तिरकी असावी, म्हणजे मुलीचा चेहरा विंगेकडे वळणार नाही. हातवारे बसवण्याची घाई मात्र करू नका. शाळांतून ‘आकाश’ म्हटले की बोट वर, ‘मन’ म्हटले की हात छातीवर, अशी जी सवय लावली जाते ती मला नाट्यछटेची वैरीण वाटते, कारण बोलताना माणूस शब्दांची चित्रे काढत नाही, समोरच्याला पटवत असतो.